पैशाचे तीन टीकाकार आणि त्यांची रूपके

मार्क्स, झिमेल आणि वेबर यांची नावे एका दमात घ्यावयाची आणि तिघांच्याही विचारांवर ‘परात्मता’ या एकाच संज्ञेचा शिक्का मारावयाचा, ही रीत अभ्यासकांत चांगलीच रुळली आहे. आधुनिक समाजातील पैशाच्या सत्तेविषयी तिघेही साशंक होते, हे खरे. परंतु तिघांचा आक्षेप एकच होता काय? त्यांनी योजलेली रूपके तपासून पाहिल्यास तो एक नव्हता, असे आढळून येते.

‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) मार्क्स वस्तूच्या मूल्याला सामाजिक चित्रलिपी म्हणतो आणि भाषेप्रमाणेच मूल्य हीदेखील समाजाचीच निर्मिती होय, असे बजावतो. चित्रलिपीची उकल करता येते. तिच्या मुळाशी असलेले माणसामाणसांतील श्रमसंबंध दाखविता येतात. मात्र केवळ उकलीने तिचा प्रभाव नाहीसा होत नाही. त्यासाठी ते संबंधच बदलावे लागतात. मार्क्सच्या मते रोग साध्य आहे.

झिमेलचे रूपक निराळे. १८९६ च्या एका निबंधात त्याने पैशाला अंतिम मूल्यांकडे नेणाऱ्या पुलाची उपमा दिली. पुलावर बिऱ्हाड थाटता येत नाही, हा तीतील इशारा. ‘पैशाचे तत्त्वज्ञान’ (१९००) या ग्रंथात त्याने या पुलाचा लाभही प्रांजळपणे नोंदविला आहे. धान्याच्या वा वेठीच्या रूपातील देणे रोख झाले, की कुळाचा देह धन्याच्या हुकमतीतून सुटतो. तथापि हेच साधन प्रत्येक गुणाला संख्येत उतरविते. १९०३ च्या निबंधातील महानगरवासी वस्तूंच्या भेदांविषयी उदासीन होतो, तो बऱ्याच अंशी यामुळेच. लाभ आणि हानी यांचे मूळ एकच असल्याने झिमेल उपाय सुचवीत नाही.

वेबर लोभाला मुख्य आरोपी मानीतच नाही. लोभ सर्वकाळी होता. आधुनिक भांडवलशाहीचे वैशिष्ट्य तो संयमी, हिशेबी कर्तव्यवृत्तीत पाहतो. प्रॉटेस्टंट नीतीवरील प्रबंधाच्या (१९०४–०५) शेवटी, श्रद्धा ओसरल्यावर उरलेल्या व्यवस्थेसाठी त्याने वापरलेल्या शब्दाचे पार्सन्सने १९३० मध्ये इंग्रजीत ‘लोखंडी पिंजरा’ असे भाषांतर केले. मूळ जर्मन शब्द मात्र ‘पोलादासारखे कठीण कवच’ या अर्थाकडे झुकतो. हा भेद गौण नव्हे. कैदी पिंजऱ्याहून वेगळा असतो. कवच अंगाचाच भाग होऊन बसते.

प्रस्तुत लेखकास झिमेलचे रूपक अनुभवाला सर्वांत जवळचे वाटते. कारण पैशाने मिळणारे स्वातंत्र्य ते नाकारीत नाही. परंतु या पुलावर पाऊल कोणास ठेवता येते, हा प्रश्न झिमेलच्या विवेचनात दुय्यम राहतो. त्याने वर्णिलेली उदासीनता ही मुख्यतः खरेदी करू शकणाऱ्याची व्याधी होय. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याची गरज बाजारात केवळ कल्पना ठरते, हे मार्क्सने १८४४ च्या हस्तलिखितांतच सांगून ठेविले होते. ऐतिहासिक भौतिकवादाच्या पायाखाली आणखी एक मजला बांधण्याची झिमेलची प्रतिज्ञा होती; पण त्या मजल्यावर निर्धनाला खोली मिळालेली नाही.

म्हणून ‘परात्मता’ हा शब्द लिहिण्यापूर्वी अभ्यासकाने स्वतःस विचारावे : आपणांस लिपी उकलावयाची आहे, पूल ओलांडावयाचा आहे, की अंगाला चिकटलेल्या कवचाची जाणीव करून द्यावयाची आहे? तिहींची उत्तरे एका संज्ञेत मावणारी नाहीत.