पाठ कुणाची, तोंड कुणाचं

चित्रात कुणाचं तोंड आपल्याकडं आहे आणि कुणाची पाठ, ते आधी बघा. रंग, रेषा, अवकाश वगैरे मागनं. फिलिपिन्सची गाजलेली चित्रं छापील कागदावर चाळताना मला हा नाद लागला. मूळ चित्रांपुढं उभं राहायला मनिलापर्यंत आपल्याला कोण नेतो? तेव्हा छापील तर छापील.

पहिला हुआन लुना. जन्म १८५७. आधी खलाशाचं शिक्षण, मग चित्रकला. स्पॅनिश राज्यात तिथल्या देशी माणसाला 'इंडियो' म्हणत. म्हणताना नाक मुरडलेलंच असे. हा इंडियो रोममध्ये बसून चित्र काढतो आणि १८८४ साली माद्रिदच्या राष्ट्रीय प्रदर्शनात राज्यकर्त्यांच्याच नाकावर टिच्चून सुवर्णपदक घेतो. फेलिक्स इदाल्गो या दुसऱ्या फिलिपिनोला त्याच प्रदर्शनात रौप्य मिळालं.

लुनाच्या चित्राचं नाव 'स्पोलिआरियम'. उंची सव्वाचार मीटर, रुंदी साडेसात मीटरच्या वर. जुन्या रोममध्ये आखाड्यात माणसं लढवून मारत. मग प्रेतं तळघरात ओढून न्यायची आणि अंगावरचं चिलखत, कपडे उतरवून घ्यायचे. ते तळघर म्हणजे स्पोलिआरियम. जिवंतपणी घेतलं ते पुरलं नाही, मेल्यावरही काढायचं! चित्राच्या मध्ये रक्तानं तांबडी जमीन आणि ओढली जाणारी मढी. डावीकडं बघ्यांची गर्दी. उजवीकडं अंधारात मशाल घेऊन आपलं माणूस शोधणारा म्हातारा. आणि एक बाई जमिनीवर कोसळलेली. तिची पाठ आपल्याकडं आहे. तिचं दुःख तिचं आहे, ते आपल्याला बघायला मिळत नाही.

रोमच्या नावाखाली स्पेनलाच आरसा दाखवला, असं त्या चित्रात फिलिपिनो तरुणांनी वाचलं. होसे रिसालनं माद्रिदच्या मेजवानीत दोघा चित्रकारांवर जे भाषण केलं, ते स्पॅनिश सरकार विसरलं नाही.

आता दुसरी पाठ. लुना मनिला नगरपालिकेच्या पैशावर युरोपात शिकला. त्याची फेड म्हणून १८८६ साली त्यानं 'रक्तकरार' काढून पाठवलं. १५६५ साली बोहोल बेटावर स्पॅनिश सरदार लेगास्पी आणि तिथला सरदार सिकातुना एकमेकांचं रक्त दारूत मिसळून प्याले, तो प्रसंग. लेगास्पी आणि त्याची माणसं ऐटीत समोर. सिकातुना पाठमोरा. देश ज्याचा, त्याचंच तोंड दिसत नाही. शिष्यवृत्ती घेतलेल्या माणसाचा ब्रश असा वाकतो, हे मला आधी वाटलं. पण उलटंही वाचता येतं: आपण सिकातुनाच्या मागं, त्याच्या बाजूला उभे आहोत. दोन्ही वाचनं खरी धरून चालावं. या सिकातुनासाठी बसला होता स्वतः रिसाल. दहा वर्षांनी, ३० डिसेंबर १८९६ ला, स्पॅनिशांनी त्याला देशद्रोही ठरवून बंदुकांकडं पाठ करून उभं केलं आणि गोळ्या घातल्या.

इथं एक कडू गोष्ट सांगायलाच पाहिजे. लेगास्पीसाठी बसला होता त्रिनिदाद पार्दो दे तावेरा. त्याची बहीण पास ही लुनाची बायको. १८९२ साली पॅरिसमध्ये लुनानं संशयापायी तिला आणि तिच्या आईला गोळ्या घालून मारलं. १८९३ ला कोर्टानं निर्दोष सोडला. चित्रातल्या पाठमोऱ्या बाईसाठी आपण हळहळतो, आणि पासचं नाव किती जणांना ठाऊक असतं? चित्र मोठं आहे म्हणून माणसाला माफी, हा हिशेब मला मान्य नाही. आपला म्हणून तर अजिबातच नाही.

फर्नांदो अमोरसोलोची गोष्ट वेगळी. इथं कुणी पाठ फिरवत नाही. उजेडच पाठीमागनं येतो. १९२२ चं त्याचं 'भातलावणी' पोस्टरांवर गेलं, प्रवाशांच्या माहितीपत्रकांवर गेलं. उन्हाला सोनेरी कडा, बायका टवटवीत, चिखल स्वच्छ. गोऱ्या अमेरिकनांच्या राज्यात त्यानं गव्हाळ कातडीला सौंदर्य दिलं, असं त्याचे चाहते म्हणतात. यात दम आहे, मी नाकारत नाही. पण दिवसभर वाकून लावणी केलेल्या कुणाही बाईला विचारा, कंबर कुठं गेली? त्या उन्हात कंबर दुखतच नाही. आणि पीक कुणाच्या कोठारात जाणार, ते चौकटीबाहेर. मे १९३५ मध्ये सक्दाल चळवळीतले शेतकरी मनिलाच्या आसपासच्या प्रांतांत उठले. पन्नासावर माणसं मेली. लावणीच्या चित्रांत याची सावलीसुद्धा नाही. १९७२ साली मार्कोसनं त्याला पहिला 'राष्ट्रीय कलावंत' केलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मार्शल लॉ आणला. असं सोनेरी ऊन कुठल्याही सरकारला आवडतंच!

मार्शल लॉमध्येच, १९७६ साली, 'काइसाहान' नावाचा चित्रकारांचा गट उभा राहिला. काइसाहान म्हणजे एकजूट. त्यातल्या आंतिपास देलोतावोचं १९७८ चं जलरंगातलं चित्र: 'मांग हुआनच्या काळजात कोयता'. हसू नका, हे 'मांग' म्हणजे जात नव्हे. टागालोग भाषेत वडीलधाऱ्याला आदरानं तसं म्हणतात, आपल्या तात्या-अण्णासारखं. एक थकलेला म्हातारा कामगार चालला आहे. मागं भिंतभर कोकाकोलाची तांबडी जाहिरात. तिच्यातल्या अक्षराचं लांब शेपूट नेमकं त्याच्या छातीत घुसलेलं. रक्ताचा थेंब नाही, आखाडा नाही. नुसता रस्ता, जाहिरात आणि माणूस. लुनाला मढी ओढणारे दाखवावे लागले. इथं ओढणारा कुणीच दिसत नाही, कारण कोयता अक्षरातच आहे.

मोठं कापड नाही, तैलरंग नाहीत. कागद, पाणी, रंग. मांग हुआन भिंतीकडं बघतसुद्धा नाही. त्याला पुढं जायचंय.