दार उघडल्यानंतर

मेबल स्टॉपर्स यांचे ‘नो टाइम फॉर प्रेज्युडिस’ (१९६१) हे पुस्तक म्हणजे अमेरिकेतील कृष्णवर्णीय परिचारिकांच्या लढ्याचा आतून लिहिलेला इतिहास होय. १९०८ साली स्थापन झालेल्या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या लेखिका १९३४ साली कार्यवाह झाल्या. सैन्याच्या परिचारिका दलातील कृष्णवर्णीयांवरची संख्येची मर्यादा १९४५ साली उठली, ती मुख्यतः त्यांच्या चिकाटीमुळे. सर्वसाधारण संघटनेचे दार खुले झाल्यावर १९५१ साली ही संस्था विसर्जित करण्यात आली. लेखिकेला ही ध्येयपूर्ती वाटते.

येथे आम्ही थबकतो. प्रवेश मिळणे वेगळे, टिकणे वेगळे. वसतिगृहात एकट्या पडलेल्या मुलीला धीर देणारी, वॉर्डातली चूक एकान्तात समजावणारी, आपल्याच समाजातील थोरली परिचारिका लागते. ती ठरावाने मिळत नाही. १९७१ साली कृष्णवर्णीय परिचारिकांना पुन्हा स्वतःची राष्ट्रीय संघटना उभारावी लागली. लेखिकेला हे आधी कळणे शक्य नव्हते. आजच्या वाचकाने मात्र ते ध्यानी ठेवावे.

आमच्या धर्मग्रामांतील मुलीही परिचर्येच्या शिक्षणासाठी घर सोडतात. निरोप देताना एखाद्या अनुभवी परिचारिकेशी त्यांची गाठ घालून दिली, तर हे वाचन सार्थकी लागेल.