फडाचे नाव, कवीची मुद्रा आणि ढोलकीवाला : तमाशागीतांच्या श्रेयाचा प्रश्न

'प्रोकोल हॅरम' या इंग्लिश रॉक वाद्यवृंदाचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गीत १९६७ साली ध्वनिमुद्रित झाले. श्रेय गीतकार कीथ रीड व संगीतकार-गायक गॅरी ब्रूकर यांना मिळाले. गीताची ओळख ठरलेली ऑर्गनची सुरावट मात्र मॅथ्यू फिशर यांची होती. त्यांनी २००५ मध्ये दावा लावला. २००६ मध्ये न्यायालयाने त्यांना संगीताच्या हक्कात ४० टक्के वाटा दिला, २००८ मध्ये अपिलात मानधन नाकारले गेले आणि २००९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ते पुन्हा बहाल केले. 'वादन' कोठे संपते आणि 'रचना' कोठे सुरू होते, हा या दाव्याचा गाभा होता. तमाशाच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये.

जुन्नर तालुक्यातील नारायणगाव ही तमाशापंढरी. हंगामात येथे फडांच्या राहुट्या उभ्या राहतात. जुन्नर-आंबेगावसह दूरदूरचे गावकरी यात्रेसाठी तमाशा ठरवावयास येतात. त्यांना पहिल्यांदा भेटतो तो राहुटीवरील फलक. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या फडाच्या नावात दोन भाऊ आहेत. भाऊंची कन्या विठाबाई (मृत्यू २००२) पुढे त्या नावाहूनही मोठी झाली. 'रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर' या नावातील 'सह' हा शब्द तर विचार करावयास लावणारा आहे. श्रेयाची वाटणी झाली आहे, पण ती मालक व प्रमुख कलावंत यांच्यापुरतीच. ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला, सुरत्ये हे सारे फडाच्या नावात विरघळून जातात.

कवीची सोय परंपरेने वेगळ्या रीतीने केली आहे. लावणीच्या अखेरच्या कडव्यात तो आपली नाममुद्रा गुंफतो. म्हणजे श्रेयनामावली गीताच्या पोटातच असते व ती गायल्याशिवाय गीत पुरे होत नाही. श्रीधर कृष्ण कुलकर्णी हे 'पठ्ठे बापूराव' म्हणून टिकले ते या मुद्रेच्या बळावर. त्यांच्या लावण्या बोर्डावर ज्यांनी उभ्या केल्या, त्या पवळाबाईंचे नाव आठवणींतून व आख्यायिकांतून आले. याला एक लखलखीत अपवाद आहे : होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा गायक, परंतु मराठी माणूस आजही 'होनाजी बाळा' असे एकच नाव घेतो. (अनेकांना ही दोन माणसे होती हे ठाऊक नसते, हा भाग निराळा.)

ध्वनिमुद्रणाने ही व्यवस्था अधिक अवघड केली. भारतातील आरंभीच्या तबकड्यांत गौहरजानसारख्या गायिका गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारीत. तबकड्या परदेशात तयार होत असल्याने तेथील कारागिरांना ओळख पटावी, हा त्यामागील हेतू सांगितला जातो. साथीदारांवर अशी वेळ आली नाही. आपल्या १९५७ च्या प्रतिमुद्राधिकार कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा 'कर्ता' हा निर्माता असतो. कलम ५२-अ प्रमाणे ध्वनिमुद्रिकेवर निर्मात्याचे व हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष द्यावे लागते. कवी व वादक यांची नावे त्या यादीत नाहीत. १९९४ मध्ये प्रयोगकर्त्याचा हक्क आला, २०१२ च्या दुरुस्तीने आपली ओळख मागण्याचा अधिकारही त्याला मिळाला. मात्र वापराच्या स्वरूपामुळे नाव गाळणे भाग पडत असेल तर ते गाळता येते. ही पळवाट लहान नाही.

तथापि सारा दोष कायद्यावर वा कंपन्यांवर ढकलणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपल्या समीक्षेने लावणीला प्रामुख्याने शब्दसंहिता मानले. मुद्रेतील नाव मिळाले की कर्तृत्वाचा शोध थांबतो. वास्तविक ढोलकीचा तोडा कोठे पडावा, झील किती लांबवावी, जुन्या चालीवर नवे शब्द बसवताना लय कोठे मोडावी हे फडावर ठरते आणि त्यातूनच त्या फडाची लावणी ओळखली जाते. फिशर यांना कोणी विचारले तरी, कारण त्यांची सुरावट तबकडीवर होती व ती वेगळी काढून दाखविता आली. ढोलकीवाल्याचा तोडा रोज नव्याने घडतो. तो पुराव्यादाखल मांडणे कठीण, म्हणून तो नाहीच असे आपण धरून चालतो.

प्रस्तुत लेखकाच्या एम. फिल. प्रबंधातील लावण्यांच्या कोष्टकात कवी, विषय, मुद्रा असे रकाने होते. वादकाचा रकाना नव्हता, आणि तो का नाही असे मौखिकीत कोणी विचारलेही नाही.