सापशिडी आणि सलाईन

मध्यंतरी एका नर्सिंग कॉलेजात नीतिशास्त्रावर बोलायला गेलो होतो. माझं व्याख्यान सुरू व्हायच्या आधी मुली सापशिडी खेळत होत्या. पट त्यांच्या बाईंनीच केलेला. शिडीच्या पायथ्याशी 'हात धुतले', सापाच्या तोंडाशी 'पेशंटचं नाव न विचारता औषध दिलं'. एक मुलगी तिथून थेट खालच्या ओळीत आली, सगळ्या हसल्या. मी तिला विचारलं, 'काय चुकलं तुझं?' ती म्हणाली, 'काही नाही सर, दोन पडले.'

माझा पहिला आक्षेप या उत्तरातच आहे. सापशिडीचं मूळ आपल्या मोक्षपटात. तिथेही शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पण दान आंधळं नव्हतं, ते खेळणाऱ्याच्या कर्माचं फळ मानायची सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये त्याचा मुलांचा खेळ झाला. कर्म गळलं, फासा उरला. तोच फासा आपण वॉर्डात आणतो. औषध देताना नाव न विचारणं हा निष्काळजीपणा असेल, किंवा एकटीवर अख्खा वॉर्ड पडल्याची दमणूक असेल. ते दान नव्हे.

आता, खेळच नको असं मी म्हणत नाही. (तसं म्हणणारे आमच्या पिढीत पुष्कळ. पाठांतर करून घ्यायचं आणि त्यालाच शिक्षण म्हणायचं!) बर्नार्ड सूट्स हे तत्त्वज्ञ 1978 च्या 'द ग्रासहॉपर'मध्ये म्हणतात की, खेळ म्हणजे अनावश्यक अडथळे आपणहून पार करण्याचा प्रयत्न. नर्सपुढचे अडथळे अनावश्यक नसतातच. पण शिकताना ते घटकाभर तसे करता येतात. सलाईन खरं, हात रबराचा. चुकलं तरी कुणी दगावत नाही. ही सोय मोठी आहे.

त्याच बाईंचा दुसरा खेळ म्हणून मला जास्त आवडला. कार्डावर लिहिलेलं : 500 मिली, 4 तास, मिलीला 20 थेंबांचा सेट. हिशेबाने मिनिटाला साधारण 42 थेंब येतात. नुसता आकडा सांगून भागत नाही. चाक फिरवून, घड्याळाकडे बघत थेंब मोजून दाखवायचे. इथे फासा नाही. जो गट आधी, तो जिंकला.

शेवटच्या गटातली एक मुलगी चाकाला हातच लावेना. 'मॅडम, पेशंटला हार्टचा त्रास आहे का?' बरोबर होतं तिचं. हृदय कमजोर असेल तर सलाईन भराभर गेल्यावर फुप्फुसांत पाणी साचू शकतं. सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायला हवं. पण कार्डावर पेशंटच नव्हता, नुसतं गणित होतं. वेळ संपली. गटाला शून्य गुण.

चहाच्या वेळी मी बाईंशी यावरून बराच वाद घातला. त्यांनी कार्डांच्या मागे पेशंटचं वय आणि आजार लिहायचं कबूल केलं. घड्याळ काढायला मात्र त्या तयार नाहीत. म्हणतात, 'सर, वॉर्डातही घड्याळ असतंच.' यावर माझं उत्तर अजून पुरतं तयार नाही.