सुतक नसलेल्यांची बैठक

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की गल्लीतलं छोटं खाजगी इस्पितळ आठवतं. ब्रिटनमधलं नर्सिंग होम वेगळं. तिथे म्हातारी माणसं राहायला येतात, बहुतेक जण कायमची. त्यांना न्हाऊ घालणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्री कुशीवर वळवणाऱ्या केअरर बायकांना त्या माणसांचा लळा लागतो. मग एक दिवस माणूस जातं, खोली धुतली जाते आणि थोड्या दिवसांत तिथे दुसऱ्या कुणाची बॅग येऊन पडते. रक्ताचं नातं नाही, म्हणून या बायकांना सुतक नाही आणि रजाही नाही. त्यांच्यासाठी जो हॉकली या परिचारिका-संशोधिकेने दोन नर्सिंग होममध्ये मृत्यूनंतरच्या छोट्या बैठका घेतल्या आणि 2014 मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं. ‘रिफ्लेक्टिव्ह डीब्रीफिंग’ हे या बैठकांचं नाव रुक्ष आहे, पण बांधणी एखाद्या जुन्या बंदिशीसारखी घट्ट.

पहिला प्रश्नच ऐकण्यासारखा आहे. ‘काय झालं?’ असं बैठक घेणारी सिस्टर विचारत नाही. ती म्हणते, ‘आजी कशा होत्या, सांगा.’ समजा, या आजी कोपऱ्यातल्या खोलीतल्या. सफाईवाली सांगते, पडदा अर्धाच सरकवायचा, कारण खालचा बसस्टॉप दिसला पाहिजे. स्वयंपाकीण सांगते, कपात दूध आधी, चहा नंतर. उलटं झालं तर कप परत. कुणीतरी हसतं, त्या हसण्यातच एकीचे डोळे भरतात. याच्या उलट चित्र 1960 साली इझाबेल मेन्झीस यांनी लंडनच्या एका शिक्षण देणाऱ्या इस्पितळातल्या परिचारिकांवरच्या निबंधात मांडलं. तिथे रुग्णाचा उल्लेख नावाने न होता खाटेच्या नंबराने आणि बिघडलेल्या अवयवाने व्हायचा, कारण माणूस दूर ठेवला की यातनाही दूर राहतात, अशी त्या संस्थेची नकळत झालेली समजूत. ‘आजी कशा होत्या’ हा एक प्रश्न ती सगळी भिंत बाजूला सारतो. नंबर गळून पडतो आणि दूध आधी घालायला लावणारी बाई खोलीत येऊन बसते. सुरुवात असावी तर अशी.

‘शेवटचे दिवस कसे गेले?’ हा प्रश्न त्यानंतर येतो. आपल्याकडे भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो आणि घरचे तीच हकिगत दहा वेळा सांगतात. सांगता सांगता ती सोसायला येते. केअररला असं भेटायला कोण येणार? शिवाय तिच्याकडे हकिगतीचा एक तुकडाच असतो. रात्रपाळीच्या बाईने शेवटचा श्वास पाहिलेला, दिवसपाळीच्या बाईने नुसती रिकामी खाट. इथे ते तुकडे जुळतात. त्या जुळणीत एखादी हळूच म्हणते, ‘त्या दिवशी दोनच चमचे भरवले मी. आणखी थोडं भरवायला हवं होतं का?’ या बैठकीतला मला सर्वांत सुंदर वाटणारा क्षण हा. अंत जवळ आला की शरीर अन्नपाणी मागेनासं होतं, बळेच भरवलं तर घास घशात अडकू शकतो, हे सिस्टर आत्ता सांगते. हीच माहिती प्रशिक्षणाच्या वर्गात दिली असती तर वहीत राहिली असती. इथे ती नेमकी त्या दोन चमच्यांपाशी पोचते. जागा घ्यावी तर अशी.

मग काय बरं जमलं, काय राहून गेलं, पुढच्या वेळी काय बदलायचं, हे ओघाने येतं. सुट्टीवरच्या बाईला कामावर यायच्या आधी फोन करून मृत्यूची खबर द्यायची, एवढंसं काही ठरलं तरी पुरे. उपाय शेवटी ठेवलाय, हे मात्र विसरू नये. तो आधी आला असता तर रडणं राहून गेलं असतं आणि बैठकीची चौकशी झाली असती.

सिस्टरचं कसब स्वतःला आवरण्यात आहे. ती टेबलामागे बसत नाही, वर्तुळात बसते. कुणी गप्प झालं की ती शांतता लगेच भरून काढत नाही. स्वतःला वाईट वाटलं हेही सांगते, पण सगळ्यांचं झाल्यावर. मोठ्या माणसाचं दुःख आधी मांडलं तर धाकट्यांना आपलं छोटं वाटू लागतं. ‘चूक कुणाची?’ हा प्रश्न तिच्या तोंडी येत नाही. अर्थात हे सगळीकडे इतकं नीट होत नाही. माणसं कमी असली की पहिली कात्री याच बैठकीला लागते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वेळही हिशेबाने निवडायची. दुपारी पाळी बदलताना, म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोघींना बसता यावं. तरी मध्येच कुठल्यातरी खोलीतली घंटा वाजते. दोन चमचेवाली उठून जाते. तिची खुर्ची कुणी हलवत नाही. बोलणं अर्ध्यावर थांबतं आणि ती हात पुसत परत येऊन बसली की तिथूनच पुढे सुरू होतं.