माणूस भिंतीवर आला, वस्ती बाहेर राहिली

मुंबईच्या खासगी गॅलऱ्यांमधली अलीकडची समूहप्रदर्शनं पाहिली की एक गोष्ट सहज लक्षात येते. चित्रात माणूस परतलाय. मांडणशिल्पं आणि व्हिडिओ यांच्या भराच्या काळात कॅनव्हासवरची मानवाकृती जरा जुनाट वाटू लागली होती. आता ती ऐटीत उभी आहे आणि तिला गिऱ्हाईकही आहे. अमृता शेरगिल यांचं 1937 मधलं ‘द स्टोरी टेलर’ 2023 च्या लिलावात 61.8 कोटी रुपयांना गेलं. हुसेन यांच्या 1954 च्या ‘ग्रामयात्रा’ला मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कला सुमारे 1 कोटी 37 लाख डॉलर मिळाले. दोन्ही चित्रं माणसांची, आणि दोन्हींत ती माणसं आपापल्या गावगाड्यासकट आहेत. आजच्या नव्या चित्रांत नेमका हा गावगाडा गळालाय. हात तयार आहेत, रंग देखणे आहेत, पण चित्रातला माणूस बहुतेक वेळा कुठेच राहत नाही.

एका भिंतीवर काय दिसतं? मोठा चेहरा किंवा खुर्चीत एकटी बसलेली आकृती, मागे सपाट गुलाबी नाहीतर हिरवट रंग, शून्यात लागलेली नजर. चित्र फोटोवरून उतरवलंय हे पुष्कळदा दोन पावलांवरूनही कळतं. फोटो वापरण्यात गैर काही नाही. अडचण अशी, की फोटोत जेवढं मावलं तेवढंच मग चित्रात उरतं. शेजारी लावलेल्या निवेदनात एकटेपण, ओळख, स्मृती वगैरे सगळं असतं. पण ही बाई कुणाची वाट पाहतेय, हा पुरुष कामावरून आलाय की कामावरून काढलाय, याचा पत्ता रंगांतून लागत नाही.

याच शहराने मानवाकृतीचं एक फार वेगळं समूहप्रदर्शन पाहिलंय. 1981 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत आणि मग दिल्लीत ‘प्लेस फॉर पीपल’ भरलं. जोगेन चौधरी, भूपेन खख्खर, नलिनी मलानी, सुधीर पटवर्धन, गुलाममोहम्मद शेख आणि विवान सुंदरम असे सहा चित्रकार, आणि कॅटलॉगमध्ये गीता कपूर यांचा दीर्घ लेख. अमूर्ताचा दबदबा असताना या मंडळींनी माणसाची बाजू घेतली आणि ती का घेतली हेही सांगितलं. सहाजणांची शैली एकमेकांशी जुळत नव्हती. जुळत होता तो आग्रह. माणूस रंगवायचा तर त्याची गल्ली, त्याचं घर, त्याचे संबंध यांच्यासकट रंगवायचा.

खख्खर यांचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ त्याच प्रदर्शनातलं. ते आता लंडनच्या टेटकडे आहे. बाल्कनीत एक नग्न माणूस उभा आहे, जवळजवळ पाठमोरा. खाली गाव पसरलंय आणि त्यात बाप, मुलगा आणि गाढव यांची आपल्या सगळ्यांच्या माहितीची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी घडतेय. सगळ्यांचं ऐकता ऐकता गाढवच हातचं गेल्याची ती गोष्ट. बाल्कनीतला माणूस एकटा आहे, पण त्याचं एकटेपण त्या गावामुळे कळतं. लोक काय म्हणतील या धाकात काढलेलं आयुष्य आणि तो धाक झुगारण्याचा क्षण, दोन्ही एकाच कॅनव्हासवर आहेत. खालचं गाव पुसून टाका. उरेल फक्त एक नग्नाकृती, आजच्या कुठल्याही गॅलरीत खपेल अशी.

सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत असताना लोकलमधली, पुलावरची, इराण्याच्या हॉटेलातली माणसं रंगवत राहिले. त्यांच्या चित्रांत गिरणगाव बदलताना माणसांची उभं राहण्याची ढबही बदलते. 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या त्यांच्या सिंहावलोकनी प्रदर्शनात हे सलग पाहता आलं.

म्हणून सपाट पार्श्वभूमीच दोषी, असंही नाही. जितीश कल्लाट यांनी 2008 च्या सुमारास केलेल्या मोठ्या व्यक्तिचित्रांत मागे मोकळा रंगच आहे. पण त्या कामकरी माणसांच्या केसांत अख्खी मुंबई गुंतलीय: गाड्या, गर्दी, वाहतुकीचा चेंदामेंदा. कॅनव्हास टेकलाय तो सीएसएमटीच्या दर्शनी भागावरच्या चेहऱ्यांवरून घडवलेल्या धातूच्या पायांवर. शहर मागून काढलं, पण ते डोक्यावर चढवलं. चित्रकाराने विचार केला की जागा अशी कुठूनही आत येते.

मग आज ती का येत नाही? थोडा दोष व्यवहाराचा आहे. समूहप्रदर्शनात एकेका चित्रकाराच्या वाट्याला दोन-तीन कॅनव्हास येतात. ते फोनच्या पडद्यावर चटकन भरावेत आणि दिवाणखान्यातल्या सोफ्याशी भांडू नयेत, अशी अपेक्षा कुणी बोलून दाखवत नाही, पण ती असते. दहा माणसांची गर्दी रंगवायला महिने लागतात. एक चेहरा दोन आठवड्यांत होतो. कला मेळ्याची तारीख ठरलेली असली की चित्रकार काय निवडणार?

पण सगळं खापर बाजारावर फोडणं सोपं आहे आणि अर्धवटही. खख्खर आणि पटवर्धन यांचीही चित्रं गॅलऱ्यांनीच विकली. गॅलरी शेमोल्डने 1963 पासून जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर जी चित्रं टांगली, त्यातली कितीतरी तेव्हाच्या गिऱ्हाइकाला न झेपणारी होती. दुकान होतंच, पण दुकानदाराला मतही होतं. आजच्या पुष्कळ समूहप्रदर्शनांत सहा-सात चित्रकार एकत्र का आले याचं उत्तर ‘सगळे माणसं काढतात’ एवढंच मिळतं. तेवढ्यावर प्रदर्शन उभं राहत नाही. चित्रकारांनी एकमेकांशी वाद घालून भूमिका मांडावी, गॅलरीने तो वाद छापावा, आणि चित्रं कमी टांगावीत. निदान एखादं असं टांगावं, जे यंदा विकलं जाणार नाही याची खात्री आहे.