अहवालाची भाषा आणि धोरणाची वाट
पश्चिम घाटविषयक दोन अहवालांचे परीक्षण

संशोधनसंस्थेने अभ्यास करावा, शासनाने त्या अभ्यासाच्या आधारे धोरण आखावे आणि लोकांनी त्या धोरणाचे पालन करावे, अशी एक सरळ रेषा आपण मनाशी गृहीत धरलेली असते. प्रत्यक्षात या रेषेत एक मोठा खंड आहे. संशोधनाची सामग्री लोकांकडून लोकांच्या भाषेत गोळा होते; निष्कर्ष मात्र परक्या भाषेत शासनाकडे जातात आणि तेथून ते लोकांकडे परततात ते निर्बंधांच्या रूपाने. हा खंड केवळ व्यवहाराच्या सोयी-गैरसोयीचा नसून त्याचा परिणाम धोरणाच्या आशयावरच होतो, हे पश्चिम घाटासंबंधीच्या दोन अहवालांच्या आधारे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पर्यावरणशास्त्राच्या दृष्टीने या अहवालांचे मूल्यमापन तज्ज्ञांनी केलेच आहे. येथे त्यांच्याकडे धोरणविषयक संहिता म्हणून, म्हणजे कोणीतरी कोणाला उद्देशून केलेले विधान म्हणून, पाहावयाचे आहे.

प्रथम घटनाक्रम. केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ समिती नेमली. समितीने ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सादर केला. तो लगेच प्रसिद्ध झाला नाही. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज, केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश आणि दिल्ली उच्च न्यायालयातील वाद इतक्या पायऱ्या ओलांडून तो मे २०१२ मध्ये लोकांसमोर आला. पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली उच्चस्तरीय कार्यगट नेमण्यात आला व त्याने १५ एप्रिल २०१३ रोजी आपला अहवाल दिला. त्याच्या आधारे २०१४ ते २०२४ या काळात अधिसूचनेचे सहा मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे, म्हणजे वायनाड जिल्ह्यात भूस्खलनाने शेकडो माणसे गाडली गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला त्या घटनेलाही त्याच सुमारास बरोबर दहा वर्षे झाली होती. प्रत्येक दुर्घटनेचे कारण अहवालाच्या उपेक्षेत शोधणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु ज्या प्रदेशाविषयी एवढे ज्ञान उपलब्ध होते, त्या प्रदेशात ते ज्ञान निर्णयापर्यंत का पोहोचले नाही, हा प्रश्न टाळता येत नाही.

गाडगीळ समितीच्या अहवालाचा गाभा लोकशाहीविषयक आहे. समितीने संपूर्ण पश्चिम घाटाची तीन श्रेणींच्या संवेदनशील क्षेत्रांत विभागणी सुचविली. मात्र ही विभागणी अंतिम न मानता तिची चर्चा ग्रामसभांपासून सुरू व्हावी, अशी तिची भूमिका होती. ही भूमिका हवेतून आलेली नव्हती. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पंचवीस गावांच्या ग्रामसभांनी आपला परिसर संवेदनशील म्हणून घोषित व्हावा असे ठराव केलेले होते. दुसऱ्या बाजूने, २००१ साली संवेदनशील घोषित झालेल्या महाबळेश्वर-पाचगणी परिसरात निर्बंधांच्या आडून सामान्य शेतकऱ्याला नोकरशाहीचा किती जाच होतो, याचीही दखल समितीने घेतली होती. निसर्गाचे रक्षण वरून लादल्यास ते लाचखोरीचे साधन होते, हा अहवालाचा महत्त्वाचा बोध होय.

असे असूनही हा अहवाल ज्यांच्या विचारविनिमयावर विसंबून होता त्यांच्या हाती तो त्यांच्या भाषेत पडला नाही. शेकडो पृष्ठांचा मूळ मजकूर इंग्रजीत राहिला. मराठीतून प्रसृत झालेल्या शासकीय सारांशात मूळ आशयाचा विपर्यास झाल्याची तक्रार खुद्द गाडगीळांनी केली. येथे दोष केवळ शासनाचा मानून थांबता येणार नाही. ज्या अहवालाचा सिद्धान्तच 'निर्णय खालून वर जावा' असा आहे, त्याची लोकभाषेतील संहिता ही पुरवणी नसून मूळ संहितेचाच भाग ठरते. ती पूर्ण होण्यापूर्वी अहवाल शासनाकडे सोपविणे म्हणजे भाषांतराचा आणि त्याबरोबर अर्थ लावण्याचाही अधिकार शासनाकडे सोपविणे होय. समितीच्या कार्यकक्षेची आणि मुदतीची मर्यादा लक्षात घेऊनही ही उणीव नोंदविली पाहिजे.

दुसरी अडचण एककाची. गाडगीळ समितीने सुमारे नऊ किलोमीटर बाजूच्या चौकोनांच्या आधारे प्रदेशाचे मूल्यमापन केले आणि श्रेणी तालुकावार दर्शविल्या. शास्त्रीय दृष्ट्या यास कारणे होती. उपलब्ध सामग्रीच त्या प्रमाणाची होती. पण चौकोनाला गावकी नसते. आपले गाव या नकाशात कोठे बसते हे ग्रामस्थाला कळण्यास मार्ग नव्हता. उलट कस्तुरीरंगन कार्यगटाने उपग्रहचित्रांच्या साहाय्याने अधिक बारकाईने काम केले, गाव हे एकक धरले आणि ४,१५६ गावांची यादी दिली. येथे ग्रामस्थाला आपल्या गावाचे नाव सापडते. त्या गावात येणाऱ्या प्रकल्पासाठी ग्रामसभेची पूर्वसंमती आवश्यक मानली आहे, हेही त्या अहवालाच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु गाव यादीत असावे की नसावे, या मूळ प्रश्नावर ग्रामसभेला स्थान नाही. सारांश, पहिल्या अहवालात गावाला मत आहे, पण त्याचे नाव नाही. दुसऱ्यात नाव आहे, पण मत नाही.

याच कार्यगटाने प्रदेशाचे 'नैसर्गिक भूदृश्य' आणि 'सांस्कृतिक भूदृश्य' असे दोन भाग केले. पहिला सुमारे ४१ टक्के, दुसरा सुमारे ५९ टक्के. संरक्षित करावयाचे सुमारे ३७ टक्के क्षेत्र मुख्यतः पहिल्यातून निवडले. प्रशासनाला ही विभागणी सोयीची वाटेल. पण सह्याद्रीच्या भाषेत तिला जागा नाही. देवराई निसर्ग म्हणावी की संस्कृती? वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात देवरायांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून हेच दिसले की येथील जुन्या अरण्याचे कित्येक अवशेष लोकांच्या श्रद्धेमुळे टिकले. राबासाठी राखलेले झाड, गुरांसाठी मोकळा ठेवलेला सडा, वरकस जमिनीवरील नाचणी ही सर्व या दोन कोटींच्या मधली आहेत. ज्या भेदाला लोकभाषेत शब्द नाही, तो खोटाच असतो असे नाही. शास्त्राला नवे भेद करावेच लागतात. परंतु तो लोकांच्या जमिनीवर लागू करावयाचा असेल तर लोकभाषेत त्याचे समर्थन करण्याची जबाबदारी शास्त्रावर येते.

'संवेदनशील' हा शब्दही याच दृष्टीने तपासण्याजोगा आहे. मराठीत संवेदनशील मन असते, कवी असतो. वृत्तपत्रांतून आणि पोलिसांच्या भाषेतून या शब्दाला दुसरा अर्थ आला आहे: दंग्याची शक्यता असलेली वस्ती, जादा बंदोबस्ताचे मतदान केंद्र. तेव्हा 'तुमचे गाव संवेदनशील क्षेत्रात आले आहे' हे वाक्य ऐकणाऱ्याच्या मनात झऱ्याच्या आणि उताराच्या नाजूकपणाऐवजी बंदोबस्ताची कल्पना उभी राहिली तर नवल नाही. अशा वेळी 'संवेदनशील' ऐवजी 'नाजूक' म्हटल्याने सर्व विरोध मावळला असता, असा दावा कोणी करू नये. खाण, बांधकाम व जमिनीची खरेदीविक्री यांत गुंतलेले हितसंबंध शब्दांनी विरघळत नाहीत. परंतु त्या हितसंबंधांना अफवा पसरविणे जे सोपे गेले, त्याचे एक कारण असे की अफवा मराठीत होती आणि तिचे खंडन इंग्रजीत.

वाक्यरचनेचेही तसेच आहे. आपल्या शासकीय मराठीचे आवडते क्रियारूप म्हणजे कर्ता लोपलेले 'करण्यात येईल', 'मनाई राहील'. अहवालातील सूचना सशर्त असते: अमुक आढळल्यास, स्थानिकांशी विचारविनिमय करून, टप्प्याटप्प्याने. ती या रचनेत उतरली की अट गळते, कर्ता अदृश्य होतो आणि शिफारशीचा हुकूम होतो. कोणी ठरविले, कोणाला विचारून ठरविले, हे वाक्यातून नाहीसे झाले म्हणजे ते विचारण्याची सोयही नाहीशी होते.

ही स्थिती एका विषयापुरती नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी स्थानिक भाषेत सारांश पुरेसा मानला जातो. २०२० मध्ये याच विषयावरील नव्या अधिसूचनेचा मसुदा केवळ इंग्रजी व हिंदीतून निघाला, तेव्हा तो आठव्या अनुसूचीतील भाषांत उपलब्ध करण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाला द्यावा लागला. हरकतीसाठी साठ दिवस आणि वाचण्यासाठी परकी भाषा, हा सल्लामसलतीचा केवळ सांगाडा होय.

महाराष्ट्रातील संशोधनसंस्थांची परंपराही येथे निर्दोष नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांच्या मार्गदर्शनाखाली गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या आर्थिक परिणामांची जी पाहणी झाली, तिचा १९४८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ या क्षेत्रातील पायाभूत कार्य आहे. नगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या माहितीवर उभा राहिलेला तो ग्रंथही इंग्रजीतच निघाला. त्या काळी त्याचा वाचक शासन आणि विद्यापीठ एवढाच होता, म्हणून ते समजण्याजोगे होते. आज कायद्यानेच ग्रामसभेला वाचकाचे स्थान दिले आहे. संशोधनाची रीत मात्र जुनीच राहिली आहे.

याला अपवाद नाही असे नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ खाली तयार होणाऱ्या लोकजैवविविधता नोंदवह्यांत गावातील जाणकार आपल्या शब्दांत वनस्पती, प्राणी व त्यांचे उपयोग सांगतात. कित्येक ठिकाणी त्या निव्वळ कागदी पूर्ततेसाठी भरल्या गेल्या असल्या तरी ज्ञान ज्या भाषेत आहे त्याच भाषेत त्याची नोंद ठेवण्याचे तत्त्व त्यांत मान्य झाले आहे.

विद्यापीठांच्या विभागांनी यातून दोन गोष्टी तरी घ्याव्यात. धोरणासाठी होणाऱ्या प्रत्येक पाहणीच्या अंदाजपत्रकात मराठी संहितेचा खर्च व वेळ आरंभीच धरलेला असावा आणि ती संहिता विषयतज्ज्ञ व भाषातज्ज्ञ यांनी एकत्र बसून सिद्ध करावी. तसेच निष्कर्ष शासनाकडे जाण्यापूर्वी जेथून सामग्री आणली तेथे ते वाचून दाखवावेत आणि तेथील हरकती अहवालात नोंदवाव्यात. यामुळे काम लांबेल, कदाचित काही निष्कर्ष बदलावेही लागतील. पण निष्कर्ष बदलावे लागणे हा संशोधनाला कमीपणा नव्हे. पश्चिम घाटासाठी एकामागून एक सहा मसुदे काढण्यात दहा वर्षे गेली. त्या मानाने ग्रामसभेत अहवाल वाचण्यास लागणारा वेळ फारसा नाही.